सोळावा ढोल

गिरगावात ठाकूरद्वारच्या केतकी वाडीत यांगचेन राहायला आली त्याला दोन वर्षं झाली होती, आणि या दोन वर्षांत तिला "मोमो करता येतात का?" असं विचारलं नाही असा वाडीत एकच जीव उरला होता. तो म्हणजे वाण्याच्या दुकानातला बोका. बाकी सगळ्यांचं विचारून झालं होतं. दूधवाल्याने विचारलं, इस्त्रीवाल्याने विचारलं, पहिल्या मजल्यावरच्या जोशांनी तर "व्हेजच असतात ना?" याची खात्री करून घेऊन मग विचारलं. यांगचेन प्रत्येकाला हसून एकच उत्तर द्यायची, "नाही हो, मला नाही जमत." आणि ते अगदी खरं होतं. तिने जन्मात एकदाच मोमो केले होते, नर्सिंगच्या होस्टेलवर, आणि ते उकडताना असे फुटले की मैत्रिणींनी त्यांचं सूप म्हणून पिऊन टाकलं. तिच्या हाताला चव होती ती बिसीबेळे भाताला. पण बिसीबेळे भाताचं तिला कोण विचारणार? तो काही तिच्या चेहऱ्यावर लिहिलेला नव्हता.

चेहऱ्यावर जे लिहिलं आहे असं वाटायचं, ते मात्र वाडीतल्या सगळ्यांना चष्म्याशिवाय वाचता येत होतं. पोरांनी तिच्याकडे कराटे शिकवायचा हट्ट धरला. कोणाचा मोबाईल बिघडला की, "बघ गं, चायनाचा आहे, तुमच्याकडचाच," म्हणून तिच्या हातात द्यायचे. रात्रपाळीचा वॉचमन नेपाळचा. तो पहिल्याच दिवशी तिच्याशी भरभरून नेपाळीत बोलायला लागला. तिला त्यातलं अक्षर कळेना. ही पोरगी गाववाल्यांना ओळख देत नाही, असं ठरवून त्याने तिच्याशी सहा महिने अबोला धरला. आता यात तिचा काय गुन्हा?

तर खरी गोष्ट अशी. यांगचेन तिबेटी, पण तिबेट तिने पाहिलेलं नाही. जन्म कर्नाटकातला, मुंडगोडच्या तिबेटी कॅम्पातला. तिची आजी, जिला ती मोला म्हणायची, नऊ वर्षांची असताना बापाचा हात धरून बर्फातून डोंगर उतरून आली. आधी हिमाचलात रस्त्यांची खडी फोडली, मग मुंडगोडला जंगल तोडून मका पेरला. मोला आता पंचाहत्तरीच्या पुढे होती आणि एका कानाने जवळजवळ बहिरी. तीन पिढ्या इथे झाल्या, तरी यांगचेनच्या नोंदणीच्या वहीत 'निर्वासित' हाच शब्द होता, आणि ती वही वेळच्या वेळी पोलिसांकडे जाऊन नवी करून आणावी लागायची. करोनाच्या वर्षी हुबळीच्या बसस्टँडवर एका कंडक्टरने तिला बघून नाकाला रुमाल लावला होता आणि बसच्या दारातून परत पाठवलं होतं. ते ती कोणाला सांगायची नाही. मी सांगतोय, कारण मला त्याचा अजून राग आहे.

मोलाने घरात एक नियम घालून दिला होता. पाहुण्यांनी आवाज करायचा नाही. कॅम्पाबाहेर बसमध्ये बसलं की हळू बोलायचं. भाजीवाल्याने वजनात मारलं तरी हुज्जत घालायची नाही. शाळेत पहिला नंबर आला तरी रस्त्यात उड्या मारायच्या नाहीत. "आपण दुसऱ्याच्या घरात राहतोय," मोला म्हणायची, "घरमालकाला वाटलं पाहिजे, आत कोणी नाहीच." यांगचेन या नियमात इतकी मुरली की दार लावायची तेही आवाज न करता आणि भांडी घासायची तीही. ऑपरेशन थिएटरच्या नर्सला हा गुण फारच सोयीचा. गिरगावातल्या ज्या हॉस्पिटलात ती कामाला होती तिथले डॉक्टर तिच्यावर खूश होते.

खूश नव्हत्या त्या यशोदाबाई परब. यांगचेन त्यांच्याकडे पेइंग गेस्ट. बाई मूळच्या मालवणच्या, नवरा गिरणीत होता, आता दोन खोल्यांत एकट्या. "गो बाय," त्या म्हणायच्या, "चलताना पायाचो आवाज तरी कर. एक दिस माझा काळीज बंद पडतला."

आणि अशा या मुलीने ढोल वाजवायला घेतला.

झालं असं, की मुंबईतल्या पहिल्याच पाडव्याला ती गॅलरीत उभी होती. खालून शोभायात्रा चालली होती, आणि वाडीचं ढोलपथक नेमकं तिच्या पायाखाली येऊन थांबलं. पहिला ठोका पडला तो तिला कानांनी ऐकूच आला नाही, तो थेट छातीत वाजला. गॅलरीचा कठडा हलत होता, खिडकीच्या काचा थरथरत होत्या, आणि खाली नऊवारी नेसलेल्या, फेटे बांधलेल्या बायका साऱ्या गिरगावाला कळेल असा आवाज करत होत्या. त्यांना कोणी "हळू" म्हणत नव्हतं. उलट लोक टाळ्या वाजवत होते. यांगचेन कठडा धरून उभी राहिली आणि तिला कळलं की आपल्याला हे हवंय. इतकं हवंसं तिला आजवर काहीच वाटलं नव्हतं.

पथकाची प्रमुख सीमा सावंत. बँकेत नोकरी, आवाज खणखणीत, वाडीभर सीमाताई. पुढच्या वर्षी जानेवारीत पालिकेच्या शाळेच्या मैदानावर सराव सुरू झाला तशी यांगचेन जाऊन एका कोपऱ्यात उभी राहिली. चार दिवस नुसतीच उभी. पाचव्या दिवशी सीमाताई म्हणाली, "बघायला आलीयस की वाजवायला?"

"वाजवायला," यांगचेन म्हणाली, इतक्या हळू की सीमाताईला दोनदा विचारावं लागलं.

पहिल्या आठवड्यात सगळ्यांच्या बोटांना फोड आले. यांगचेन हॉस्पिटलातून चिकटपट्टीची गुंडाळी विकत घेऊन आली आणि तिने रांगेत बसवून एकेकीची बोटं बांधून दिली. नर्सच्या हातची पट्टी ती, दोन तास वाजवूनही हलायची नाही. तेव्हापासून तिला पथकात मोमोबद्दल कोणी विचारलं नाही. पण पट्ट्या बांधल्या म्हणून जागा मिळाली असं नाही हं. जागा सोळाच, आणि शिकणाऱ्या चोवीस. सीमाताईची परीक्षा कडक. एकटीने मैदानाच्या मधोमध उभं राहून पाचही ठेके सलग वाजवायचे. एक चूक झाली की पुढच्या वर्षी या. यांगचेनला मोजायची सवय हाडीमाशी खिळलेली. ऑपरेशन संपताना पोट शिवायच्या आधी नर्स सगळी कापसाची फडकी आणि हत्यारं मोजते. तिने "काउंट करेक्ट" म्हटल्याशिवाय भल्या मोठ्या सर्जनलाही टाका घालता येत नाही. तसेच तिने ठोके मोजले. पाचही ठेके, एक चूक नाही. सीमाताईने वहीत लिहिलं, 'सोळावा ढोल – यांगचेन.' यशोदाबाईंनी आपल्या पेटीतली जांभळी नऊवारी काढून तिला दिली आणि नेसायची कशी तेही शिकवलं.

इथपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. मग पाडव्याच्या आठ दिवस आधी मंडळाची मीटिंग झाली.

शोभायात्रेत पथकाच्या मागे वाडीचा चित्ररथ असतो. तो वीस वर्षं हेमचंद्र विजयकर करतात. ते वाडीचे हेमूकाका, निवृत्त ड्रॉइंग मास्तर. जुन्या मुंबईच्या घराण्यातले, सत्तरी ओलांडलेले, बोलणं मऊ, आणि स्वभाव इतका गोड की त्यांच्यावर रागावलं तर आपल्यालाच ओशाळं वाटावं. यंदा रथाचा विषय होता 'देश एक, वेश अनेक'. ट्रकवर बारा जण बारा वेशांत उभे राहणार. अकरा जण ठरले होते. बारावी होती एक मणिपूरची कॉलेजकन्यका, 'ईशान्य भारत' म्हणून. पण ती परीक्षेआधीची सुट्टी मिळाल्यावर घरी निघून गेली. आता काय करायचं म्हणून सगळे डोकं खाजवत होते, तेवढ्यात काकांचं लक्ष दाराशी सीमाताईबरोबर उभ्या असलेल्या यांगचेनकडे गेलं.

"अरे!" काका आनंदाने जवळजवळ उडालेच. "वाडीत असताना बाहेर कशाला शोधतोय आपण? यांगचेन आहे की! हिला तर मेकअपसुद्धा नको."

सगळे हसले. वाईट मनाने कोणीच हसलं नाही, हीच तर खरी पंचाईत.

"काका, मी तिबेटी आहे," यांगचेन म्हणाली.

"हो गं, तेच ते. तिकडचंच."

"माझा जन्म कर्नाटकातला आहे."

"कर्नाटक झालंय आपलं," काका यादीवर बोट फिरवत म्हणाले. "कर्नाटक शेट्टींची स्पृहा करतेय."

स्पृहा शेट्टी जन्मापासून ठाकूरद्वारची. कन्नड तिला दोनच वाक्यं येत होती, आणि ती दोन्ही यांगचेननेच तिला जिन्यात उभं राहून शिकवली होती. राजस्थान व्हायचं होतं धनेश राणेला, जो कणकवलीच्या पलीकडे कधी गेला नव्हता. पण धनेशच्या तोंडावर 'कोकण' लिहिलंय असं कोणी म्हणत नव्हतं. त्याला मिशी लावली की तो राजस्थान होऊ शकत होता. यांगचेनला मात्र एकच काहीतरी होता येत होतं, आणि ते काय हे बाकीच्यांनी ठरवलेलं.

"काका, ती ढोल वाजवतेय," सीमाताई म्हणाली. "परीक्षा देऊन जागा मिळवलीय तिने."

मंडळाचा अध्यक्ष विक्रांत. जिमचा शौकीन, मनाने चांगला, तोंडाने थोडा सैल. "सीमाताई, ढोल काय कोणीपण वाजवेल यार. ईशान्य भारत कुठून आणणार? चॅनलवाले येतात, कॅमेरा पहिला रथावर मारतात." मग तो यांगचेनकडे वळला. "आणि तुझ्यासाठीपण भारी आहे ना. सगळ्यांना दिसशील. तुझे पेपर-बिपर ओके आहेत ना? म्हणजे उद्या कोणी काय विचारलं तर आपण सांगू, आमच्या रथावर होती, आपलीच पोरगी आहे."

त्याने ते खरोखर चांगल्या मनाने म्हटलं. पण 'पेपर' हा शब्द कानावर पडला आणि यांगचेनला पोलिसांकडची ती नोंदणीची वही आठवली. तिने मान खाली घातली. "बघते," म्हणाली. मीटिंगने 'बघते' म्हणजे 'हो' असं धरलं आणि चहा मागवला.

घरी येऊन ती आवाज न करता पलंगावर बसली. यशोदाबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहून सगळं वदवून घेतलं आणि मग त्यांच्या तोंडाचा पट्टा सुटला. "मेल्यांका अक्कल नाय! आमी मालवणातसून इलंव तेव्हा आमकापण म्हणत, कोकणी माणूस म्हणजे भांडखोर."

"मग तुम्ही काय केलंत, मावशी?"

"काय करतलंय? भांडलंय!"

यांगचेनला हसू आलं, पण ते टिकलं नाही. "मावशी, मला भांडता येत नाही. मी नाही म्हटलं तर सगळे म्हणतील, एवढं आपलं मानलं आणि बघा. आमच्या मोलाने सांगितलंय, पाहुण्यांनी..."

"तू पावनी?" यशोदाबाईंनी तिला मध्येच तोडलं. "पावनी पाण्याच्या वेळेक सकाळी पाचाक उठून माझी पिंपां भरता काय?"

यांगचेन उठून भांडी घासायला लागली, आवाज न करता. ढोल तिला हवा होता. एकदा, फक्त एकदा, स्वतःच्या राहत्या रस्त्यावर तिला पूर्ण जोर लावून आवाज करायचा होता. आणि त्यासाठी आधी जो एक छोटासा आवाज करायला हवा होता, तोच तिला जमत नव्हता.

पाडव्याला तीन दिवस उरले तेव्हा काकांचा निरोप आला. माप द्यायला ये. वाडीच्या मागच्या बाजूला एक बंद पडलेला छापखाना होता, तिथे काकांचं काम चालायचं. संध्याकाळी ड्यूटी संपवून यांगचेन तिथे गेली. आज नाही म्हणायचंच, असं ठरवून गेली. काका स्टुलावर चढून थर्मोकोलच्या कमानीला रंग देत होते. तिला बघताच प्रेमाने खाली उतरले, बांबूची एक मोठी टोपी घेतली आणि "बघू, डोकं बघू" म्हणत तिच्या डोक्यावर ठेवली. टोपी नाकापर्यंत उतरली. यांगचेनचं ठरवलेलं सगळं टोपीखाली राहिलं.

"आत पट्टी लावतो, थांब," म्हणून काका टेप शोधायला गेले.

ती तशीच उभी राहिली. भिंतीला टेकवून पाट्या सुकत ठेवल्या होत्या, सुंदर वळणदार अक्षरात रंगवलेल्या. नर्सची खोड जाते कुठे? समोर मांडून ठेवलेलं काही दिसलं की ती मोजणार. तिने टोपी वर सारली आणि मोजायला लागली. पंजाब, राजस्थान, गुजरात, काश्मीर. बंगाल, ओडिशा, केरळ, कर्नाटक. तमिळनाडू, गोवा, उत्तर प्रदेश. बारावी, ईशान्य भारत. बारा पाट्या, बारा माणसं. काउंट करेक्ट.

पण मन मानेना. थिएटरमध्ये कधीकधी होतं असं. आकडा बरोबर येतो आणि तरी वाटतं, काहीतरी आत राहिलंय. तिने पुन्हा पहिल्यापासून वाचलं, या वेळी सावकाश, एकेक नाव. मग तिसऱ्यांदा.

"काका," ती म्हणाली, "अजून पाट्या आहेत का कुठे?"

"नाही. बाराच. ट्रकवर तेवढेच मावतात."

"महाराष्ट्र कुठेय?"

काका टेप हातात घेऊन हसले. "महाराष्ट्र काय, तो तर..." आणि थांबले. पाट्यांकडे गेले. खिशातून यादी काढली, ती चष्मा लावून वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग हळूच स्टुलावर बसले. चेहरा असा झाला की यांगचेनने सवयीने त्यांचं मनगट धरून नाडी बघितली.

गिरगाव. गुढीपाडवा. देशभरातले वेश, आणि त्यात महाराष्ट्र नाही! दोन महिने वीस माणसं मीटिंगा करत होती, चहाच्या किटल्या रिकाम्या होत होत्या, आणि एकाच्याही लक्षात आलं नाही. येणार कसं? दुसऱ्याने कसं दिसावं हे ठरवण्यात सगळे इतके गुंग होते की आपण स्वतः कसे दिसतो हे बघायला कोणी मोकळंच नव्हतं.

"फाडून खाल्लं असतं मला लोकांनी," काका पुटपुटले. "वीस वर्षांची अब्रू... कोणाला सांगितलंस?"

"आत्ताच तर दिसलं. आणि थिएटरमधली गोष्ट आम्ही बाहेर सांगत नाही."

"आता कुठे घालू महाराष्ट्र? ट्रकवर तेरावा माणूस मावत नाही. कोणाला खाली उतरवू? शेट्टींच्या स्पृहाला सांगितलं तर शेट्टी हॉटेलातून मंडळाला चहा देणं बंद करेल."

यांगचेनने टोपी काढून हातात घेतली. मग ती बोलली, आणि तिचा आवाज तिचा तिलाच मोठा वाटला.

"काका, ट्रकच्या पुढे काय चालतं?"

"पुढे? पुढे आपलं पथक."

"नऊवारी, फेटा, नथ. सोळा ढोल, सहा ताशे. मग महाराष्ट्र पुढेच चाललाय की. फक्त पाटी नाहीये."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. हळूहळू चेहऱ्यावर रंग परत आला. "अगं," ते उठून उभे राहिले, "अगं, काय डोकं आहे तुझं! पुढे महाराष्ट्र आणि मागून सगळा देश... हे तर मूळच्यापेक्षा छान झालं!" ते आनंदाने फिरू लागले आणि फिरता फिरता त्यांची नजर तिच्या हातातल्या टोपीवर गेली. "फक्त तू तेवढी मागे असशील. रथावर."

"नाही, काका."

झालं. आला तो शब्द. छापखान्याचं छप्पर कोसळलं नाही. ते पाहून तिला धीर आला आणि पुढचं सगळं एका दमात बाहेर पडलं.

"मी ईशान्य भारत नाहीये. मी तिथे कधी गेले नाही. तिथल्या मुलींनाही राग येईल मला बघून. माझा चेहरा बघून तुम्ही ठरवलंत, मला विचारलं नाही. सगळे असंच करतात. आमची मोला सांगते, पाहुण्यांनी आवाज करू नये. मी सव्वीस वर्षं केला नाही. आता मला करायचाय. मी तीन महिने शिकलेय, काका. सोळावा ढोल माझा आहे. मला माझा ढोल वाजवायचाय."

काकांनी तिच्या हातातली टोपी घेतली आणि ती खिळ्याला अडकवून टाकली.

"चाळीस वर्षं मी पोरांना सांगत आलो," ते म्हणाले, "समोर दिसतंय ते काढा, डोक्यात आहे ते काढू नका. आणि मी स्वतः... चुकलं गं माझं. सरळ चुकलं."

सत्तरी ओलांडलेल्या माणसाने इतकं सरळ चूक कबूल केलेली यांगचेनने कधी ऐकली नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. काकांच्याही आलं, पण ते रंगाच्या वासाने असं त्यांनी जाहीर केलं.

"आता त्या जागेवर काय करू?" त्यांनी नाक पुसत विचारलं.

"माणूस नसेल तर चित्र काढा. तुम्ही ड्रॉइंग मास्तर ना?"

"डोंगर काढतो. ढग काढतो. आणि नुसतं 'ईशान्य भारत' नको, राज्यांची नावंच लिहितो. सांग बघू, किती आहेत? आसाम, नागालँड..."

"मला काय माहीत, काका?" यांगचेन म्हणाली. "मी कर्नाटकची. मोबाईलवर बघा."

मग दोघांनी मोबाईलवर बघितलं. आठ निघाली. काकांना चार येत होती, यांगचेनला पाच. काका लिहीत गेले, ती मोजत गेली.

दुसऱ्या दिवशी काकांनी मंडळात आपली नवी कल्पना मांडली. विक्रांत खुर्चीवरून उठला. "पुढे महाराष्ट्र, मागून देश! काका, काय लेव्हलचा विचार आहे!" काका लाजून लाल झाले आणि त्यांनी दाराशी उभ्या यांगचेनकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती. "पण ईशान्य?" विक्रांतने विचारलं. "तिचं काय करायचं?"

"तिला विचारलं मी," काका म्हणाले. "ती नाही म्हणाली. विषय संपला."

"नाही म्हणाली?" विक्रांतने मान वळवून यांगचेनकडे पाहिलं. "मग त्या दिवशीच बोलायचं ना यार. मला वाटलं, तुला आवडेल."

"त्या दिवशी तू पेपर विचारलेस," यांगचेन म्हणाली. "पेपर म्हटलं की माझा आवाज बंद होतो."

विक्रांत कान खाजवत राहिला. संध्याकाळी सरावाला मात्र तो आला आणि पथकाच्या सगळ्या ढोलांच्या दोऱ्यांचे ताण खेचून द्यायचं अंगमेहनतीचं काम त्याने न सांगता केलं. सोळाव्या ढोलाचा सगळ्यात आधी.

पाडव्याच्या सकाळी आठ वाजताच ऊन तापलं होतं. दारोदारी गुढ्या उभ्या होत्या, साखरेच्या गाठींना मुंग्या लागायच्या आत पोरांचे हात लागत होते. पथक वाडीच्या तोंडाशी उभं राहिलं. सर्वांत पुढे 'महाराष्ट्र' लिहिलेली पाटी घेऊन यशोदाबाई परब. ती पाटी धरायला तरुण पोरगी हवी, असं कोणीतरी सुचवलं होतं. त्याला बाईंनी काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांच्या मागे सीमाताई ताशा घेऊन. आणि पहिल्या ओळीत, जांभळी नऊवारी, भगवा फेटा, नाकात नथ, बोटांना पांढऱ्या पट्ट्या, अशी यांगचेन. तिची जागा खरं तर दुसऱ्या ओळीत होती, पण सीमाताईने सकाळी तिला पुढे ओढलं. "तुझी कल्पना ना? मग राहा पुढे." काकांनी थिएटरमधली गोष्ट बाहेर फोडली होती, हे उघडच होतं.

चॅनलची एक मुलगी माइक घेऊन धावत आली. "मॅडम, आप कहाँ से आयी हैं?"

"ठाकूरद्वारहून," यांगचेन मराठीत म्हणाली.

"नहीं, मतलब, असल में कहाँ से?"

"दुसऱ्या मजल्यावरून!" पुढून यशोदाबाई ओरडल्या. "माझ्याच घरात रवता. सर बाजूक!"

मागे चित्ररथावर धनेश राणेची राजस्थानी मिशी घामाने एका बाजूने सुटली होती. काका ट्रकवरून उतरून यांगचेनशेजारी येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात मोबाईल होता, आणि त्यावर मुंडगोडहून व्हिडिओ कॉलवर मोला. कॉल काकांनीच लावून मागितला होता. सुरकुत्यांनी भरलेला तो चेहरा स्क्रीनला इतका चिकटला होता की अर्धा वेळ नुसता एक डोळाच दिसत होता.

मोलाला यांगचेनने ढोलाचं कधी सांगितलंच नव्हतं. सांगायची हिंमत झाली नव्हती. आता सांगायला वेळही उरला नव्हता. सीमाताईचा ताशा कडकडला, ढोल बडवायची सोळा टिपरं एकदम वर गेली आणि एकदम खाली आली.

रस्ता हलला. गॅलरीतले लोक कठडे धरून वाकले. यांगचेन वाजवत होती, खांद्यापासून, पोटापासून, मोजणं कधी सुटलं ते तिला कळलंही नाही. पहिला ठेका, दुसरा ठेका. ती तोंड उघडून हसत होती आणि तिचे गाल भिजले होते. तिसरा ठेका संपला, पथक क्षणभर थांबलं, आणि त्या शांततेत मोबाईलमधून मोलाचा चिरका आवाज आला. तिबेटीत काहीतरी बोलली ती, भराभरा, दोन-तीन वाक्यं.

यांगचेन तशीच उभी राहिली. टिपरू हातात, अर्धवट वर.

"काय म्हणतायत आजी?" काकांनी घाबरून विचारलं. "रागावल्या का?"

यांगचेनने बांधलेल्या बोटांनी डोळे पुसले.

"म्हणतेय, हात हलताना दिसतात, पण ऐकू काही येत नाही. म्हणतेय, एवढ्या लांबून वाजवतेस, जरा जोरात वाजव."

काकांनी मोबाईल ढोलाच्या अगदी तोंडाशी नेऊन धरला. सीमाताईने मागे वळून पाहिलं आणि मान हलवली. यांगचेनने हात पार डोक्याच्या वर नेला.